सकाळी लावलेले सनस्क्रीन दुपारी कुठे जाते?

छपरावर टाकलेली निळी ताडपत्री पहिल्या उन्हाळ्यात चिवट असते. दोन उन्हाळे गेले की हात लावताच तिचे तुकडे पडतात. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकचे रासायनिक बंध तोडतात, म्हणून असे होते. हेच किरण आपल्या त्वचेवर पडतात. त्यांच्यापासून बचाव म्हणून लावलेल्या सनस्क्रीनमधील काही घटकही याच किरणांनी तुटतात.

उन्हाळा आला की आम्हाला हमखास विचारले जाते, "सकाळी आठला क्रीम लावून कामावर निघाले, तर संध्याकाळपर्यंत पुरेल का?" उत्तर आहे, नाही. ते का पुरत नाही आणि जास्त टिकावे म्हणून काय प्रयत्न चालले आहेत, ते पाहू.

ऊन झेलता झेलता तुटणारे घटक

आपल्यापर्यंत दोन प्रकारचे अतिनील किरण पोहोचतात. 'बी' किरण कातडी भाजतात. 'ए' किरण खोल जातात, सुरकुत्या व काळे डाग वाढवतात आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. ट्यूबवरचा 'एसपीएफ' आकडा मुख्यतः 'बी' किरणांचा हिशेब सांगतो. 'ए' किरणांसाठी 'पीए' या अक्षरांपुढच्या अधिकच्या खुणा मोजाव्यात. जास्त खुणा म्हणजे जास्त संरक्षण.

'ए' किरण अडवणारे ॲव्होबेंझोन १९७० च्या दशकात तयार झाले. ते काम चांगले करते, पण उन्हातच तुटते. त्याला सावरणारा दुसरा घटक सोबत नसेल, तर थोड्या वेळात त्याची बरीच ताकद जाते. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी न तुटणारे रेणू शोधले. त्यांतला एक बेमोट्रिझिनॉल, युरोपात २००० सालच्या सुमारास वापरात आला. तो किरण शोषतो, ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. ॲव्होबेंझोनसोबत घातला तर त्यालाही टिकवतो. झिंक ऑक्साइड हे खनिजही उन्हात तुटत नाही. मात्र सावळ्या चेहऱ्यावर त्याचा पांढरट थर दिसतो, म्हणून त्यात मातकट रंगाचे आयर्न ऑक्साइड मिसळतात. वांग असलेल्यांना अशा रंगीत क्रीमचा जास्त उपयोग होतो, कारण वांग वाढवणारा साधा प्रकाशही ते काही प्रमाणात अडवते.

घाम, पदर आणि टॉवेल

रेणू टिकला तरी क्रीम अंगावर राहिले पाहिजे. 'वॉटर रेझिस्टंट' क्रीमची चाचणीदेखील साधारण ४० किंवा ८० मिनिटांची असते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये सनस्क्रीनचा घटक अतिसूक्ष्म, त्वचेला चिकटणाऱ्या कणांत बंद करून उंदरांवर तपासला. पाण्याने ते कण निघाले नाहीत, पण टॉवेलने पुसताच निघाले. दिवसभर घाम पुसणाऱ्या माणसाचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. आजही उन्हात असताना दर दोन तासांनी क्रीम पुन्हा लावावे लागते.

आता खर्च पाहा. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. त्या मापाने एका चेहऱ्याला साधारण सव्वा ग्रॅम लागते. दिवसातून दोनदा लावले तर ५० ग्रॅमची ट्यूब वीस दिवसांत संपते. मानेला आणि हातांना लागणारे वेगळेच. रोजंदारीच्या घराला हे कसे परवडावे? म्हणूनच जास्त टिकणारा आणि स्वस्त घटक ही नाक्यावर, रस्त्यावर, बांधकामावर राबणाऱ्यांची खरी गरज आहे.

मग आपण काय करावे?

सनस्क्रीनचा उपयोग खरा आहे. ऑस्ट्रेलियात १९९२ ते १९९६ या काळात १६०० हून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळल्या. ते लोक बहुतांश गोरे होते. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असते, ते आपले मूळचे संरक्षण आहे. त्यामुळे असा कर्करोग आपल्यात कमी होतो. पण वांग, डाग, उन्हाची ॲलर्जी हे त्रास आपल्यालाही होतात.

पैसे मोजकेच असतील तर क्रीम आधी ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांना घ्यावे: अंगावर कोड असलेले, जन्मतःच रंगद्रव्य नसलेले, वांग किंवा ल्युपसचे रुग्ण आणि डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे घेणारे. सहा महिन्यांखालील बाळाला क्रीम लावू नये, त्याला सावलीत ठेवावे.

बाकी सर्वांनी आधी कापडावर भर द्यावा. घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी, ओढणी किंवा उपरणे हे संरक्षण तासाभराने संपत नाही. सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतले काम शक्य तितके सावलीत घ्यावे. कामाच्या ठिकाणी सावली आणि पाणी मागण्यात संकोच बाळगू नये.

सनस्क्रीन गोरे होण्यासाठी नाही. 'गोरेपणा'च्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये स्टेरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते आणि ऊन जास्तच लागते. महिनाभर न भरणारी जखम किंवा तळहात-तळपायावर वाढणारा काळा डाग दिसला, तर थेट सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावे.