टू-इन-वन ते ब्लूटूथ : आवाजाचा जमाखर्च

सुट्टीच्या दिवशी नागाव, काशीद किंवा दिवेआगर येथील किनाऱ्यावर फेरफटका मारला, तर वाळूवर अंथरलेल्या चटयांशेजारी नारळाएवढे स्पीकर वाजताना आढळतात. त्यांना ना तारा, ना कॅसेटचा कप्पा. सारा कारभार मोबाइलच्या हाती. याच किनारपट्टीवरील कित्येक घरांच्या पोटमाळ्यावर मात्र, जुन्या चादरीत गुंडाळलेला, दोन मोठ्या स्पीकरांचा आणि वर धरायला मूठ असलेला टेपरेकॉर्डर अजून पडून आहे. दिवाळीची आवराआवर निघाली की तो भंगारात द्यावा काय, असा प्रश्न दरवर्षी उपस्थित होतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी जुन्या आणि नव्या यंत्राचा जमाखर्च एकदा शांतपणे मांडून पाहणे हिताचे ठरेल.

आखातातून आलेला पाहुणा

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात छोटी कॅसेट प्रथम मांडली. पुढे काही वर्षांतच रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच पेटीत आले. अमेरिकेत या पेटीला ‘बूमबॉक्स’ म्हणू लागले. आपल्याकडे ती ‘टू-इन-वन’ झाली. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामे वाढली आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, महाड या तालुक्यांतून अनेक जण तिकडे कामाला गेले. त्या काळी हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळाले. रजेवर परतणाऱ्याच्या सामानात घड्याळ, अत्तर आणि जपानी टू-इन-वन या वस्तू ठरलेल्या असत. परदेशी माल तेव्हा दुर्मीळ व महाग असल्याने ज्याच्या ओटीवर असा टेप वाजे, त्याच्या घराचा मान वाढे.

या यंत्रामागे बाजारपेठेचीही एक साखळी उभी राहिली. मोठे सेल, कोऱ्या कॅसेटी, रबरी पट्टे आणि गावोगावचे दुरुस्ती करणारे कारागीर यांना त्याने काम दिले. एकदा विकलेली वस्तू ग्राहकाला पुन्हा पुन्हा दुकानाच्या पायरीपर्यंत आणत असे. नवा स्पीकर मात्र बहुधा घरबसल्या मागवला जातो, आणि बिघडला की टाकून दिला जातो.

नव्याच्या बाजूला काय जमा?

नव्या यंत्राचे गुण नाकारण्याचे कारण नाही. जुन्या टेपला सहा किंवा आठ मोठे सेल लागत. प्रत्येकी दीड व्होल्टप्रमाणे नऊ किंवा बारा व्होल्ट भरत, पण मोठ्या आवाजात वाजवल्यास सेल लवकर उतरत आणि गाणे रेंगाळू लागे. आजच्या लिथियम-आयन बॅटरीवर स्पीकर तासन्‌तास चालतो आणि पुन्हा चार्ज करता येतो.

किनाऱ्यावरील खारी, दमट हवा हा तर जुन्या यंत्राचा शत्रूच. धातूचे संपर्क गंजतात, रबरी पट्टे सैल पडतात, फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. नव्या स्पीकरवर ‘आयपी ६७’ असा शिक्का असेल, तर सहा हा आकडा धुळीपासून पूर्ण संरक्षण दर्शवतो आणि सात हा आकडा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची क्षमता. तथापि ही चाचणी गोड्या पाण्यातील असते. समुद्राच्या पाण्यात भिजलेला स्पीकर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

आवाजाच्या बाबतीत निवाडा इतका सोपा नाही. जुन्या पेटीत दोन स्पीकर एकमेकांपासून अंतरावर असल्याने डाव्या-उजव्या आवाजाचा भेद स्पष्ट कळतो. फितीची सळसळ मात्र पाठ सोडत नाही. नवा लहान स्पीकर स्वच्छ वाजतो आणि रबरी पडद्यांच्या साहाय्याने आकाराच्या मानाने खर्ज चांगला काढतो. पण त्याच्या एका डबीतून डावे-उजवे बहुधा वेगळे उमटत नाही.

मोठ्या आवाजाची हौस कुठे थांबवावी, हेही येथेच सांगायला हवे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हरिहरेश्वर, मारळ आणि दिवेआगर येथील वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. रंगीत दिवे लुकलुकणारे ‘पार्टी स्पीकर’ रात्री तेथे नेले, तर अंड्यातून निघालेली पिल्ले उजेडाला फसून समुद्राऐवजी भलत्याच दिशेला जाऊ शकतात. जीवदया मानणाऱ्या घरातील सहलीला एवढे भान असावेच.

जुन्याची दोन कामे

आता खरा फरक. टू-इन-वन स्वतः रेडिओ ऐकू शकत असे आणि स्वतः आवाज टिपू शकत असे. ब्लूटूथ स्पीकर यांपैकी काहीच करत नाही. काहींत एफएम असते, पण बहुतेक मोबाइलने धाडलेले तेवढेच वाजवतात, तेही साधारण दहा मीटरच्या आत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. श्रीवर्धन-मुरूड भागातील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, खांब पडले, वीज गेली आणि मोबाइलचे जाळेही कोलमडले. कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. अशा वेळी सर्वांत महागडा स्पीकरही मुका होतो. सेलवर चालणारा रेडिओ मात्र बोलत राहू शकतो. त्यातही मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून दूरवर जातात, तर एफएमच्या लहरी डोंगराआड अडतात. म्हणून किनाऱ्यावरील घरात मध्यम लहरी पकडणारा एक रेडिओ आणि सेलची एक कोरी जोडी असणे हा शहाणपणाचा खर्च आहे. सेल मात्र यंत्राबाहेर ठेवावेत. ते आत गळले तर संपर्क खराब होतात.

दुसरे काम आवाज टिपण्याचे. टेपमध्येच बसवलेल्या मायक्रोफोनमुळे लाल बटण दाबले की घरातले बोलणे फितीवर उतरत असे. आखातात गेलेल्यांना पत्राऐवजी कॅसेट पाठवण्याची रीत पश्चिम किनाऱ्यावर त्यातूनच रुजली. व्यापारी घरांत आजीने म्हटलेली स्तवने, मुलीच्या सासरी जाण्याआधीच्या रात्रीची गाणी, आजोबांचा पेढीवरचा सल्ला असे कितीतरी सहज टिपले गेले. कोरी कॅसेट महाग वाटल्याने हे रेकॉर्डिंग अनेकदा सिनेगीतांच्या कॅसेटवरच झाले. त्यामुळे वरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून ती फेकू नये. दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकाव्यात.

भंगारात देण्यापूर्वी

हे काम हवा कोरडी असताना, हिवाळ्यात करावे. कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची छोटी टिकली आधी तोडावी, म्हणजे चुकून जुन्या आवाजावर नवा चढणार नाही. फितीवर बुरशी दिसल्यास ती वाजवू नये, जाणकाराकडे द्यावी. टेपचे हेड स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावे, सैल पट्टा बदलून घ्यावा. मग हेडफोनच्या भोकातून तार संगणकाला जोडून कॅसेट एकदाच, न थांबवता वाजवावी आणि नोंद करावी. ती नोंद दोन ठिकाणी ठेवावी. त्यातील एक किनाऱ्यापासून दूर, पुण्या-मुंबईच्या नातलगाकडे असल्यास उत्तम. प्रत्येक नोंदीला बोलणाऱ्याचे नाव आणि अंदाजे साल द्यावे, कारण तो आवाज ओळखणारी माणसेही फार काळ असणार नाहीत.

एवढे झाल्यावर टेप दुरुस्त होत नसेल, तर तो रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. चालत असेल, तर चादरीतून काढून ओटीवर ठेवावा. सहलीला नवा स्पीकर न्यावा. पावसाळ्यात वीज गेली की जुन्याची मूठ धरावी.