वार्धक्य, वैद्यक आणि संकोचाची भाषा

वार्धक्य आले की कामजीवन संपते, ही समजूत रुग्ण आणि डॉक्टर या दोघांच्याही मनात रुजलेली असते. वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकेतील ५७ ते ८५ वर्षे वयाच्या ३,००५ स्त्रीपुरुषांची एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ६५ ते ७४ या वयोगटातील ५३ टक्के व्यक्तींचे कामजीवन चालू असल्याचे आढळले. मात्र पन्नाशीनंतर या विषयावर डॉक्टरांशी बोलल्याचे केवळ ३८ टक्के पुरुषांनी व २२ टक्के स्त्रियांनी सांगितले.

या मौनाची किंमत शरीराला मोजावी लागते. लिंगशैथिल्य ही कधी कधी मधुमेहाची वा हृदयविकाराची पूर्वसूचना असते. रक्तदाबावरील काही औषधांनीही ते उद्भवते आणि रुग्ण कारण न सांगता औषधच सोडून देतो. हृदयशूळासाठी नायट्रेट घेणाऱ्याने परस्पर सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गाच्या शुष्कतेमुळे होणाऱ्या वेदना उपचारसाध्य असतात. तरीही अनेक स्त्रिया त्या वयाचा भोग म्हणून सोसतात.

मराठी दवाखान्यात या मौनाला भाषेचेही एक कारण आहे. तरुण डॉक्टर वृद्ध रुग्णांना ‘आजोबा’, ‘आजी’ म्हणतात. या संबोधनात आदर आहे, जिव्हाळाही आहे. परंतु त्यासरशी नात्याची मर्यादा येते. नातवाने आजीला जे विचारू नये, ते डॉक्टरांच्याही ओठांवर येत नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाला (१९२७–१९५३) वाचक असे प्रश्न पत्राने विचारीत. पत्रलेखकाला कोणाच्या नजरेस नजर द्यावी लागत नसे. तपासणीच्या खोलीत ती सोय नाही. म्हणून आरंभ डॉक्टरांनीच करावयास हवा.

त्यासाठी पुस्तकी संज्ञा नकोत आणि थट्टेचा सूरही नको. मुलगा वा सून शेजारी नसताना, इतर चौकशीच्या ओघातच विचारावे : “मधुमेहात पुष्कळांना शरीरसंबंधात अडचण येते, तुम्हांला तसे काही जाणवते का?” यातील ‘पुष्कळांना’ हा शब्द रुग्णाची लाज हलकी करतो. ‘पतिपत्नी’ हा शब्द टाळल्यामुळे विधवा वा विधुर व्यक्तीही प्रश्नाबाहेर राहत नाही.

उत्तर नकारार्थी आले तरी प्रश्न वाया जात नाही. या खोलीत हा विषय बोलता येतो, एवढे रुग्णाला कळते. आणि पुढच्या भेटीत कदाचित तोच बोलू लागतो.