सुचणे आणि टाळणे

शिबिरांतून, महाविद्यालयांतल्या कार्यक्रमांतून नव्याने लिहू लागलेली मुले-मुली मला एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, तुम्हाला सुचतं कसं?" या प्रश्नामागे एक जुनी समजूत आहे. प्रतिभा वरून उतरते, काही निवडकांवरच प्रसन्न होते आणि इतरांनी तिची वाट पाहायची, अशी ती समजूत. ज्या समाजाने १९५६ साली देव आणि दैव दोन्ही नाकारले, त्याने लेखनापुरती एक देवता शिल्लक का ठेवावी?

माझा अनुभव निराळा आहे. काही सुचलेच नाही, असे माझ्या बाबतीत क्वचित घडले. जे सुचले ते टाळण्यात मात्र माझी कितीतरी वर्षे गेली. म्हणून स्फूर्तीविषयी बोलण्याऐवजी मी या टाळण्याविषयी बोलणार आहे.

१९७६ साली मी तालुक्याच्या गावी शिक्षक म्हणून रुजू झालो. भाड्याची खोली मिळेना. शेवटी एका घरी जात विचारली नाही, मीही सांगितली नाही. माझे आडनाव चटकन ओळखू येणारे नव्हते, ते पथ्यावर पडले. दोन महिन्यांनी माय भेटायला आली. अंगावर ठिगळाचे लुगडे, पाय अनवाणी, हातात कापडी पिशवी. घरमालकीण ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने सहज विचारले, "कोण या?" मी म्हणालो, "आमच्या गावाकडच्या आहेत."

मायने ते ऐकले. ती काही बोलली नाही. तासाभरात संध्याकाळची एस. टी. धरून ती परत गेली.

त्या रात्री वही घेऊन बसलो आणि पहिले वाक्य आपसूक आले. घडले तेच वाक्यात उतरले होते. मी ते पान फाडले आणि दुसऱ्या पानावर वणव्याची कविता लिहिली. पुढे अशा खूप कविता लिहिल्या. सूर्य, ज्वालामुखी, रक्त, मशाली. सभांतून टाळ्या मिळाल्या. विद्रोहाची कविता खोटी असते असे मला मुळीच म्हणायचे नाही. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने १९७२ साली एक अख्खी वस्ती तिच्या बोलीसकट मराठी कवितेत आणली. आम्ही अनुकरण करणाऱ्यांनी त्यातला आवाज तेवढा उचलला. आपापली वस्ती आणायचे राहून गेले.

गंमत अशी की बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ सालचा कथासंग्रह मला जवळपास पाठ होता. त्यातल्या शीर्षककथेवर मी व्याख्याने दिली. जात लपवावी लागणाऱ्या माणसाची घुसमट मी विद्यार्थ्यांना तासभर समजावून सांगे. आणि माझ्याच वहीतले फाडलेले पान मला आठवत नसे. खरे तर आठवत असे, म्हणूनच मी जोराने बोलत असे.

अकरा वर्षांनी, १९८७ साली, ती गोष्ट लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात घरमालकीण दुष्ट झाली, माय देवता झाली आणि मी पीडित. वाचताना माझ्याच लक्षात आले की हे सगळे आधी ठरवून लिहिले आहे. मग स्वतःला एकच प्रश्न विचारला : त्या ओसरीवर नेमके कोण काय बोलले? घरमालकिणीने फक्त 'कोण या' एवढे विचारले होते. खोटे मी बोललो होतो. ते मला बोलावेसे का वाटले, याचे उत्तर जातिव्यवस्थेत आहे, हेही तितकेच खरे. खरे सांगितले असते तर बहुधा खोली गेली असती. पण माझी लाज आणि व्यवस्थेचा धाक या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात असल्याशिवाय ते वाक्य खरे होत नव्हते. चौथ्या खर्ड्यात ते थोडेफार जमले. व्यवस्थेविषयीचा जो विचार मी व्याख्यानांत सांगत आलो होतो, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला. विचार लेखनाला आधीच चिकटवला की तो घोषणा होतो. लिहिता लिहिता हाती लागतो तेव्हा तो आपला होतो.

आपल्या साहित्याने हे वारंवार दाखवून दिले आहे. दया पवारांनी 'बलुतं'मध्ये (१९७८) स्वतःचीच दोन माणसे केली. एक शिकलासवरला दया पवार आणि दुसरा गावकुसाबाहेरचा दगडू मारुती पवार. दगडू सांगतो, दया पवार ऐकतो. जे सांगायची लाज वाटते त्याला वाट काढून देण्यासाठी हाती आलेली ही रचना आहे, असे मला वाटते. बेबीताई कांबळे फलटणला छोटे दुकान चालवीत. माल बांधायला आलेली रद्दी त्या वाचत, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत. लिहिलेले त्यांनी घरच्यांपासूनही लपवून ठेवले, आणि तेही जवळजवळ वीस वर्षे. १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. ऊर्मिला पवारांना आपल्या आत्मकथनाचे नाव आईच्या हातात सापडले. आई बांबूची आयदानं विणायची, म्हणून २००३ सालचे ते पुस्तक 'आयदान'. यांपैकी कोणाचीही स्फूर्ती वरून आली नाही. ती दुकानात होती, दारात होती, दगडूच्या तोंडात होती.

म्हणून नव्याने लिहू पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझे सांगणे साधे आहे. मनात काही आले की ते त्याच दिवशी टिपून ठेवा, आणि ज्या बोलीत कानावर पडले त्याच बोलीत टिपा. शुद्धलेखन नंतर पाहता येते, निसटलेला शब्द परत येत नाही. जे लिहायचे टाळता आहात त्याची एक यादी स्वतःपुरती करा. ती कोणाला दाखवायची गरज नाही. त्यातले एखादे उचला आणि त्या प्रसंगात मी कुठे उभा होतो, कुठे उभी होते, हे आधी लिहा. शेवट ठरवू नका. आणि ज्यांच्याविषयी लिहिता ते हयात असतील तर त्यांना वाचून दाखवा. त्यांना वाचता येत नसेल तर जरूरच दाखवा.

मी ती गोष्ट मायला वाचून दाखवली. तोवर ती थकली होती. डोळे मिटून तिने सगळे ऐकले. राग नाही, रडणे नाही. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, "समदं खरं हाय. पर पिसवीत काय व्हतं ते न्हाई लिवलंस."

मला ते ठाऊकच नव्हते. त्या दिवशी मी पिशवीकडे पाहिलेही नव्हते.

"भुईमुगाच्या शेंगा व्हत्या," ती म्हणाली. "अर्ध्या तुला, अर्ध्या त्या बाईच्या लेकरांला. तशाच माघारी नेल्या."

गोष्ट तेव्हा छापायला गेली होती. पिशवीविषयी त्यात एक ओळही नाही. माय आता नाही. ते पान मी अजून लिहितो आहे.