डॅनिश दिवा पेटवून पाहावा

विसाव्या शतकाच्या मध्यावरचे डॅनिश दिवे जमवू लागणाऱ्यांचा एक समज घट्ट असतो: दिवा दिसायला देखणा आणि पुरेसा जुना असला की संग्रही ठेवण्याजोगा. पण हे दिवे म्हणजे छताला टांगलेली शिल्पे नव्हेत. त्यांतले बरेचसे कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झाले, आणि निदान डिझायनर पॉल हेनिंगसेन (पीएच) यांच्या दिव्यांचा आकार तरी प्रकाशाच्या हिशेबातून आला. उघड्या बल्बने डोळे दिपू नयेत म्हणून त्यांनी १९२०च्या दशकात एकाखाली एक अशा तीन शेडची रचना बसवली. १९५८च्या ‘पीएच ५’मध्ये बल्ब कोणताही लावा, तो नजरेस पडत नाही. (नावातला ५ म्हणजे पाचवी आवृत्ती नव्हे, मुख्य शेडचा ५० सेंटिमीटर व्यास.) कोपनहेगनच्या लांगेलिनी पॅव्हिलियन या उपाहारगृहासाठी त्यांनीच केलेला ‘आर्टिचोक’ निव्वळ शोभेचा वाटतो खरा, पण त्याची ७२ पानेही बल्ब झाकण्याचेच काम करतात.

हे पटले की खरेदीची कसोटी बदलते. नवा रंग दिलेला दिवा अधिक चांगला, असे विक्रेते सांगतात. पण ‘पीएच ५’च्या आतल्या लहान भागांना लाल आणि निळा रंग दिला होता तो प्रकाशाची छटा साधण्यासाठी, त्यावर सरसकट चकचकीत पांढरा फासला की दिवा उरतो, त्याचा प्रकाश जातो. त्यापेक्षा टवके उडालेला मूळ रंग पत्करावा. उलट वायर बदलली की अस्सलपणा संपला, हा हट्ट जिवावर बेतू शकतो. जुन्या वायरचे वेष्टन ठिसूळ होते आणि शेड धातूची असते. वायर बेलाशक बदलावी.

‘पीएच ५’ आजही लुई पॉलसेन कंपनी बनवते, मग जुना कशाला, हा आक्षेप रास्त आहे. फक्त प्रकाश हवा असेल तर नवाच घ्यावा. जुन्याला जास्त पैसे मोजायचे ते मूळ भाग शाबूत असतील तरच. वेगळ्या कंपनीचे नाव दिसले म्हणून दिवा नकली ठरवण्याचीही घाई नको. डिझायनर व्हर्नर पँटन यांचा १९६८चा ‘फ्लॉवरपॉट’ पूर्वी लुई पॉलसेन काढत असे, आता परवान्याने ‘अँड ट्रॅडिशन’ काढते. तिथे नावावरून फक्त काळ कळतो.

भारतात असा दिवा लावायला ट्रान्सफॉर्मर लागत नाही, कारण दोन्ही देशांत वीज २३० व्होल्टचीच. मात्र त्याचा होल्डर बहुधा आट्यांचा असतो, आपला पिनांचा बल्ब त्यात बसत नाही.