परक्या संगणकावरून आलेली आज्ञावली

जुन्या वहीत लिहिलेली अनारशांची कृती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तांदूळ तीन दिवस भिजवावेत, रोज पाणी बदलावे, नेहमीच्या वाटीने दोन वाट्या पिठी घ्यावी, गूळ बेताने घालावा, असे काहीसे तिच्यात असते. ज्या आजीने ती लिहिली, तिच्या स्वयंपाकघरात या कृतीत काहीही उणे नव्हते. नेहमीची वाटी फडताळात समोरच होती. वही दुसऱ्या घरी गेली, की मात्र प्रश्न उभे राहतात. वाटी कोणती? बेताने म्हणजे किती? कृती चुकलेली नसते. तिचा काही भाग कागदावर उतरलेलाच नसतो.

संगणकाच्या आज्ञावलीचेही असेच होते. माणूस जी आज्ञावली लिहितो तिला सोर्स कोड म्हणतात. संगणक ती थेट चालवू शकत नाही. कंपायलर प्रत्येक फाइलचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो आणि लिंकर हे सुटे भाग एकमेकांना जोडून चालणारा प्रोग्रॅम तयार करतो. या सगळ्या बांधणीला बिल्ड असे नाव आहे. कोणत्या फाइली घ्यायच्या, मदतीच्या फाइली कोठे शोधायच्या, कोणत्या लायब्ररी जोडायच्या, या सूचना म्हणजे बिल्डची मांडणी. सोर्स कोड पेनड्राइव्हवरून सहज इकडून तिकडे नेता येतो, परंतु ही मांडणी पुष्कळदा मूळ लेखकाच्या संगणकावर, आणि त्याहूनही अधिक त्याच्या सवयींमध्ये राहून जाते.

मी स्वतः मराठीची विद्यार्थिनी. हा विषय मला समजला तो माझ्या भाचीमुळे. शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागल्यानंतर तिने मुक्त विद्यालयातून परीक्षा दिली, संगणकाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि इंदूरच्या एका छोट्या व्यवसायात ती नोकरीला लागली. तेथे वजनकाट्यावरील वजन वाचून बिल छापणारी, सी भाषेतील एक आज्ञावली होती. ती लिहिणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले होते. पहिल्याच दिवशी पेनड्राइव्ह तिच्या हाती देण्यात आला आणि बिलाच्या मजकुरात एक लहानसा बदल करण्यास सांगण्यात आले. तिने एक्लिप्समध्ये नवा प्रकल्प उघडला आणि सगळ्या फाइली त्यात आणून ठेवल्या. बिल्डचे बटण दाबताच शंभराहून अधिक तांबड्या खुणा पडद्यावर आल्या. त्या रात्री तिचा फोन आला. "मावशी, मला हे काम येत नाही असंच ते म्हणतील."

एक्लिप्स हे सॉफ्टवेअर लिहिण्याचे साधन आहे. आयबीएम या कंपनीने ते २००१ मध्ये सर्वांसाठी खुले केले आणि २००४ पासून एक्लिप्स फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था त्याचा कारभार पाहते. लिहिणे, बांधणे आणि दोष शोधणे ही कामे एकाच छताखाली करणाऱ्या अशा साधनाला आयडीई म्हणतात. आयडीई कष्ट वाचवते खरी, पण मांडणी ठाऊक नसली तर स्वतःच्या अंदाजाने नियम ठरवते. नव्या, रिकाम्या प्रकल्पात फाइली आणून टाकल्या, तर तिला मूळ नियम कळण्याचा मार्गच उरत नाही. भाचीचे नेमके हेच झाले होते.

दुसऱ्या दिवशी तिने एक शहाणपणा केला. शंभर खुणांकडे न पाहता तिने यादीतील फक्त पहिली चूक वाचली. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', म्हणजे अमुक नावाची फाइल सापडत नाही, असे ते वाक्य होते. सी भाषेत हेडर नावाच्या फाइली असतात. पुढे येणाऱ्या नावांची ओळख त्या करून देतात. पाठापूर्वी दिलेल्या शब्दार्थांसारखेच त्यांचे काम. शब्दार्थांचे पान हरवले, तर पाठातील पन्नास शब्द अडतात; परंतु चुका पन्नास नसतात, एकच असते. या आज्ञावलीतील हेडर वेगळ्या फोल्डरमध्ये होते आणि ते कोठे आहे हे एक्लिप्सला कोणी सांगितलेले नव्हते. प्रकल्पाच्या गुणधर्मांमध्ये त्या फोल्डरचा मार्ग नोंदवताच बहुतेक खुणा नाहीशा झाल्या. दुपारी त्या पुन्हा उगवल्या तेव्हा ती गोंधळली. डीबग आणि रिलीज अशा दोन मांडण्या एक्लिप्स स्वतंत्रपणे सांभाळते. तिने मार्ग एकीत नोंदवला होता आणि बिल्ड दुसरीचा चालवला होता. गुणधर्मांच्या खिडकीत वरच्या बाजूस मांडणीचे नाव दिसते. त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

एक हेडर तरीही सापडेना. सीरियल पोर्टमधून काट्याचे वजन वाचणाऱ्या लायब्ररीचे ते होते, आणि ती लायब्ररी तर संगणकावर होती. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालींमध्ये तयार प्रोग्रॅम चालवण्यापुरती लायब्ररी एका पॅकेजमध्ये मिळते. नवा प्रोग्रॅम बांधण्यासाठी लागणारी हेडर दुसऱ्या पॅकेजमध्ये असतात आणि त्याच्या नावाच्या शेवटी 'डेव्ह' असे लिहिलेले असते. ते दुसरे पॅकेज घेतल्यावर कंपायलरचे समाधान झाले.

आता लिंकरची पाळी आली. त्याची पहिली तक्रार होती 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ मेन'. सी भाषेतील प्रत्येक प्रोग्रॅमचा आरंभ मेन या नावापासून होतो आणि ते एकदाच यावे लागते. मूळ लेखकाने चाचणीसाठी एक वेगळा छोटा प्रोग्रॅम लिहून शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवला होता. एक्लिप्सने दिसेल ती फाइल बांधायला घेतल्यामुळे एका घरात दोन यजमान झाले. ते फोल्डर बिल्डमधून वगळल्यावर दुसरी तक्रार पुढे आली, 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. वजनाच्या नोंदींतील चढउतार मोजण्यासाठी वर्गमूळ काढले होते; त्याची ओळख हेडरने करून दिली होती, पण प्रत्यक्ष वर्गमूळ काढणारी गणिताची लायब्ररी जोडलेलीच नव्हती. येथे पुष्कळांची फसगत होते. हेडर सापडले म्हणजे लायब्ररीही आपोआप मिळाली, असे त्यांना वाटते. विंडोजवरील अनेक कंपायलरांना या लायब्ररीचा वेगळा उल्लेख लागत नाही, लिनक्सवर तो करावा लागतो. तिचे नाव केवळ 'एम' या एका अक्षराचे आहे आणि एक्लिप्सच्या रकान्यात तेवढेच लिहायचे असते. 'सापडत नाही' हे वाक्य कंपायलर बोलत आहे की लिंकर, हे ओळखता आले म्हणजे निम्मे काम झाले.

येथवर येण्यास तिला दोन दिवस लागले. मग धीर करून तिने त्या जुन्या गृहस्थांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अगं, मेकफाइल नाही का पाहिलीस?"

मेकफाइल पेनड्राइव्हवर पहिल्यापासून होती. तिच्या नावामागे कोणतेही शेपूट नसल्यामुळे भाचीने ती निरुपयोगी समजून बाजूला ठेवली होती. कोणत्या फाइली घ्याव्यात, चाचणीचे फोल्डर वगळावे, गणिताची लायब्ररी जोडावी, हे सगळे तिच्यात ओळीने लिहिलेले होते. मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये तयार केले आणि त्यासाठी २००३ चा एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार त्यांना मिळाला. एक्लिप्समध्ये 'एक्झिस्टिंग कोड अ‍ॅज मेकफाइल प्रोजेक्ट' हा आयातीचा पर्याय आहे. तो निवडला, की आयडीई स्वतःचे नियम बाजूला ठेवते आणि मेकफाइलच्या आज्ञेत वागते. परकी आज्ञावली उघडण्यापूर्वी तिच्याबरोबर अशी एखादी फाइल आली आहे का, हे पाहावे. जावाच्या प्रकल्पांत हेच काम मेव्हनची 'पॉम' फाइल करते.

मेकफाइललाही तिच्या खोडी आहेत. भाचीने तिच्यातील एक ओळ साध्या संपादकात दुरुस्त केली आणि लगेच 'मिसिंग सेपरेटर' अशी चूक आली. मेकफाइलमधील आज्ञेची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते. त्या संपादकाने टॅबऐवजी आठ मोकळ्या जागा घातल्या होत्या. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात! हा नियम गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आले होते. परंतु तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, आणि त्यांची अडचण नको म्हणून तो तसाच ठेवला, असे त्यांनी पुढे सांगितले. त्या डझनभरांची सोय जगभरच्या नवशिक्यांना अजून भोवते आहे.

टॅब दुरुस्त झाला, प्रोग्रॅम बांधला गेला, पण अखेरच्या ओळीवर काम अडले. तयार प्रोग्रॅम ठेवण्याची जागा म्हणून तेथे त्या गृहस्थांच्या स्वतःच्या फोल्डरचा संपूर्ण मार्ग लिहिलेला होता. तो फोल्डर या संगणकावर असणे शक्यच नव्हते. आजीची वाटी ती हीच. संपूर्ण मार्गाऐवजी प्रकल्पाच्या फोल्डरपासून मोजलेला मार्ग लिहिला, की आज्ञावली कोठेही नेता येते.

बिल्ड पूर्ण झाला, तरी संपादकाच्या खिडकीत काही तांबड्या रेषा उरल्याच. प्रोग्रॅम चालतो आहे आणि आयडीई मात्र चूक दाखवते आहे, हे कसे? याचे कारण असे, की एक्लिप्समध्ये सोर्स कोडचे दोन वाचक असतात. एक कंपायलर, आणि दुसरा इंडेक्सर, जो नावांची सूची करून लिहिणाऱ्याला मदत करतो. मेकफाइल कंपायलरला मार्ग सांगते, इंडेक्सरला नाही. बिल्ड चालू असताना पडद्यावर उमटणाऱ्या आज्ञा वाचून एक्लिप्स ते मार्ग शोधू शकते, पण त्यासाठी आज्ञा उमटाव्या लागतात. आधीच बांधलेली फाइल मेक पुन्हा बांधत नाही, त्यामुळे तिची आज्ञाही दिसत नाही. आणि काही लेखक आज्ञेच्या आरंभी अ‍ॅट हे चिन्ह घालून ती लपवतात. भाचीने ती चिन्हे काढली, 'क्लीन' करून सर्व काही नव्याने बांधले, आणि नंतर इंडेक्सरला पुन्हा सूची करण्यास सांगितले. रेषा गेल्या.

बिलाच्या मजकुरातील बदलाला त्यानंतर दहा मिनिटे लागली. लागलेली पॅकेजे आणि बदललेले मार्ग तिने एका छोट्या फाइलमध्ये लिहून प्रकल्पात ठेवले आणि परीक्षा म्हणून सगळे फोल्डर कार्यालयातील दुसऱ्या संगणकावर नेले. तेथे बिल्ड पुन्हा थांबला. या वेळी ती घाबरली नाही. तिने पहिली चूक वाचली. त्या संगणकावर तिने ज्या फोल्डरमध्ये प्रकल्प ठेवला होता, त्याच्या नावात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा होती, आणि मेकला ते एक नाव नसून दोन वाटत होती. तिने नाव जोडून लिहिले, बिल्ड चालवला आणि नोंदींच्या फाइलमध्ये आणखी एक ओळ वाढवली.