जुन्या मोटारीची पेट्रोल-नळी

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कारखान्यांत १९६४ सालीं ‘फियाट ११०० डिलाइट’ ही मोटार तयार होऊं लागली. पुढें १९७४ पासून तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हें नांव मिळालें. टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तथापि हौशी गृहस्थांनीं जपलेल्या पद्मिनी अजूनहि दृष्टीस पडतात. अशा गाडीच्या रंगरूपाकडे मालक जितकें लक्ष देतात, तितकें बॉनेटखालच्या लहानशा रबरी नळीकडे क्वचितच देतात. वस्तुतः आंत बसणाऱ्यांची सुरक्षितता त्या नळीवर अवलंबून असते.

पेट्रोलची टांकी गाडीच्या मागच्या अंगास असते. तेथून धातूची बारीक नळी पुढें येते. इंजिनाच्या गतीनें चालणारा पंप त्या नळींतून पेट्रोल ओढून घेतो व कार्बोरेटरकडे ढकलतो. इंजिन सारखें हादरत असतें, गाडीचा सांगाडा मात्र तितका हादरत नाहीं. दोहोंमध्यें ताठ धातूची नळी जोडली तर ती लवकरच मोडेल. म्हणून मध्यें लवचिक रबरी तुकडा घालतात.

रबर वयानें व उष्णतेनें कडक होऊन तडकतें, हें जुनेंच कारण. त्यांत आतां एक नवें कारण मिळालें आहे. २०२३ पासून आपल्या देशांत शेंकडा २० भाग इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस आलें. ऊस व धान्य यांपासून काढलेला हा मद्यार्क जुन्या जातीच्या रबरांत मुरतो, त्यास फुगवितो व आंतून झिजवितो. सुटलेले कण कार्बोरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत अडकतात.

टांकी व पंप यांमधील नळीस भेग पडली, तर पंप पेट्रोलाऐवजीं हवा ओढतो. बाहेर थेंबहि न दिसतां गाडी चढावावर अडखळते. पंप व कार्बोरेटर यांमधील नळी फुटली, तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर उडतें. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें खालीं सांचते, आणि एका ठिणगीनें भडका उडतो.

नळी बदलण्याचें काम जाणत्या मेस्त्रीच्या देखरेखीखालींच करावें. गाडी मोकळ्या जागीं उभी करून इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें, बॅटरीची ऋण तार सोडावी, व आग विझविण्याची भुकटी जवळ ठेवावी. पाणी उपयोगाचें नाहीं, कारण पेट्रोल त्यावर तरंगत जळत राहतें. खालीं भांडें धरून क्लिपा सैल कराव्या. नळी चिकटली असल्यास ओढाताण न करितां ती लांबीच्या दिशेनें चिरावी. मात्र धातूच्या तोंडास ओरखडा पडूं देऊं नये. उघड्या तोंडास तात्काळ बूच लावावें.

नवी नळी जुन्या मापाचीच, परंतु इथेनॉल सोसणारी घ्यावी. ‘एसएई जे ३० आर ९’ अशी खूण असलेली नळी या कामीं योग्य होय. पाण्याची अथवा हवेची नळी कितीहि सारखी दिसली तरी चालत नाहीं. नळी सरळ कापून पुरती आंत बसवावी, ती कोठें मुरगळूं नये, व धुराच्या तापलेल्या नळापासून दूर राहावी. आंतून गुळगुळीत पट्टी असलेली क्लिप वापरावी, व ती रबर कापले जाईल इतकी आवळूं नये.

नंतर इंजिन सुरू करून विजेच्या बत्तीनें प्रत्येक सांधा पाहावा. दुसऱ्या दिवशीं गाडी थंड असतां पुन्हां पाहावा, व नळी बदलल्याची तारीख वहींत टिपून ठेवावी. रबराचें वय बाहेरून ओळखतां येत नाहीं. तें वहीच सांगूं शकते. पेट्रोलचा वास येऊं लागेपर्यंत वाट पाहणें म्हणजे धोक्यास घरांत येऊं देऊन मग दार लावणें होय.