कात्रीची खबर मुळाला नसते

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एखादी मुलगी वेण्या कापून वर्गात येते आणि दिवसभर चर्चा तिचीच! केसांत एवढे काय आहे?

केसाचा जिवंत भाग त्वचेखाली, मुळाशी असतो. बाहेर दिसतो तो केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा धागा. त्यात चेतातंतू नाहीत. म्हणून केस कापताना दुखत नाही, ओढले की मात्र दुखते. (कापल्याने केस दाट होतात हा समजही खरा नव्हे. कात्रीची खबर मुळाला नसतेच.) डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो.

नाक, उंची सहज बदलता येत नाही. केस बदलता येतात; फसले तर पुन्हा वाढतात. म्हणून नवी नोकरी, संपलेली परीक्षा, घरातले दुःख अशा वळणांवर माणसे केसांना हात घालतात. आतला बदल चारचौघांना दिसतो.

हीच सोय दुसऱ्याच्या हाती गेली तर? आपल्याकडे काही जातींत विधवांचे केशवपन सक्तीने होई, तेही चारचौघांना दिसावे म्हणूनच. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी या कामाला नकार दिला.

वर्गातल्या त्या मुलीला सहज विचारून पाहा : केस कापायचे कोणी ठरवले?